ऑपरेशननंतर घरी: रुग्णाची काळजी, टप्प्याटप्प्याने

ऑपरेशन झालेल्या माणसाची काळजी घेताना रोज एक प्रश्न विचारायचा: कालच्यापेक्षा आज बरे आहे का? दुखणे, सूज, अशक्तपणा हे सगळे असणारच, पण ते दिवसागणिक ओसरत गेले पाहिजे. पहिल्या दिवशी दुखणे दहापैकी सात होते, तिसऱ्या दिवशी चारवर आले आणि पाचव्या दिवशी पुन्हा सातवर गेले, तर त्यामागे कारण आहे आणि ते शोधलेच पाहिजे. एखादा आकडा किती आहे यापेक्षा तो कोणीकडे चालला आहे, हे जास्त सांगून जाते. घरच्या माणसांकडे डॉक्टरांचे ज्ञान नसले तरी दिवसरात्र जवळ असण्याची मोठी सोय असते. तिचा उपयोग कसा करायचा, ते पुढे दिले आहे. इथले आकडे प्रौढ रुग्णांसाठीचे आहेत. तुमच्या सर्जनने वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकायचे.

रुग्णालयातून निघण्याआधी

डिस्चार्जच्या वेळी घाई असते, आणि नेमके तेव्हाच सगळ्यात महत्त्वाचे सांगितले जाते. म्हणून प्रश्न आधीच कागदावर लिहून ठेवा आणि उत्तरेही लिहून घ्या. नेमके कोणते ऑपरेशन झाले? आत काही ठेवले आहे का: ड्रेन (आत साचणारे पाणी बाहेर काढणारी नळी), जाळी, प्लेट, स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी)? टाके विरघळणारे आहेत की काढायचे आहेत, आणि कधी? ड्रेसिंग कोणी आणि कधी बदलायचे? पायाचे ऑपरेशन असेल तर त्या पायावर किती भार द्यायचा? रात्री अडचण आली तर कोणाला फोन करायचा?

सर्वांत जास्त घोळ जुन्या औषधांचा होतो. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या ऑपरेशनआधी थांबवलेल्या असतात. त्या पुन्हा कधी सुरू करायच्या हे कार्डावर स्पष्ट नसेल, तर एका घरात त्या लगेच सुरू होतात आणि दुसऱ्या घरात महिनाभर बंदच राहतात. दोन्हींत धोका आहे. प्रत्येक जुन्या गोळीसमोर तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नका. मूत्रनलिकेत स्टेंट ठेवला असेल तर तो काढण्याची तारीखही लिहून घ्या. फारसा त्रास होत नसला की तो विसरला जातो, आणि महिने उलटले की त्याच्यावर खडे जमून तो काढणेच अवघड होऊन बसते.

घरात पलंग असा हवा की त्याच्या कडेला बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील. पलंगापासून संडासापर्यंतची वाट मोकळी करा, सरकणारी पायपुसणी उचला, रात्रभर मंद दिवा ठेवा. पाणी, फोन, चष्मा आणि हाक मारायला घंटी हाताशी असू द्या. पोटाचे, खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन असेल तर उंच कमोड आणि धरायला दांडी यांची सोय रुग्ण घरी येण्याआधीच झाली पाहिजे.

पहिले २४ तास

भूल उतरली असे वाटले तरी तिचा अंमल मागे रेंगाळतो. या काळात रुग्णाला एकटे ठेवू नये, गाडी चालवू देऊ नये, मद्य देऊ नये आणि कोणत्याही महत्त्वाच्या कागदावर सही घेऊ नये. कमरेतून भूल दिली असेल तर पायांत जाणीव आणि ताकद पूर्ण परत येईपर्यंत उभे करायचे नाही. कमरेतल्या भुलीनंतर एक-दोन दिवसांनी बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना कळवा, तिच्यावर वेगळा उपाय असतो.

पहिली लघवी ६ ते ८ तासांत झाली पाहिजे. झाली नाही, ओटीपोट टम्म झाले, किंवा थेंब थेंब होत राहिली, तर मूत्राशय तुंबले आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालयाशी बोला. 'पाणीच कमी प्यायले असेल' म्हणून वाट पाहू नका. फार ताणलेले मूत्राशय नंतर कित्येक दिवस नीट आकुंचन पावत नाही.

जास्त ताकदीची वेदनाशामके चालू असतील तर झोपलेल्या रुग्णाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. मिनिटाला १२ ते २० ठीक. दहापेक्षा कमी असेल, किंवा हाक मारून, हलवूनही रुग्ण नीट जागा होत नसेल, तर ती गाढ झोप नव्हे. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकण्याचा जुना त्रास असलेल्यांमध्ये ही भीती जास्त. त्यांचे रात्रीचे श्वासाचे यंत्र पहिल्या रात्रीपासूनच लावायचे.

रोजची वही

एक साधी वही करा आणि सकाळ-संध्याकाळ त्याच वेळी नोंद ठेवा: ताप, नाडी, श्वास, पडून असताना आणि हालचाल करताना दुखणे किती, लघवी, शौच किंवा वायू सरला का, ड्रेनमध्ये किती मिलिलिटर, जखम कशी दिसते हे एका ओळीत, आणि कोणते औषध किती वाजता दिले. डॉक्टरांना फोनवर 'बरे वाटत नाही' म्हणण्यापेक्षा 'सकाळपासून नाडी ११०, काल ८४ होती' हे सांगितले, तर पुढचा निर्णय लवकर होतो.

ताप मोजायचा तो पॅरासिटामॉल देण्याआधी. गोळीने ताप झाकला जातो आणि वहीत रोज खोटा दिलासा लिहिला जातो. पहिल्या दोन दिवसांत थोडी कणकण बहुधा ऑपरेशनला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. तिसऱ्या दिवसानंतर मात्र १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस किंवा त्याहून अधिक ताप आला तर कारण शोधायचे: छाती, लघवी, जखम, सलाईन लावलेली शीर, पायातली गुठळी. जखमेचा जंतुसंसर्ग साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान डोके वर काढतो, म्हणजे बहुतेकदा रुग्ण घरी असताना, आणि तेही 'आता सगळे ठीक आहे' म्हणून सगळे निवांत झालेले असताना.

नाडीकडे घरात फार कमी लक्ष दिले जाते, आणि हे आम्हाला फार खटकते. पाच मिनिटे शांत पडून राहिल्यावरही नाडी सतत १०० च्या वर असेल, तर आत रक्तस्राव, पाण्याची कमतरता, जंतुसंसर्ग किंवा आतड्याच्या जोडातून गळती, यांपैकी काहीही असू शकते. रक्तदाब पडण्याच्या किंवा ताप येण्याच्या कितीतरी आधी नाडी बोलते. अपवाद एक: हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ती वाढत नाही. अशा रुग्णात नाडी चांगली आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

दुखणे सहन करायचे नसते

दुखणे शून्यावर आणणे हे ध्येय नाही. रुग्णाला खोल श्वास घेता यावा, खोकता यावे, उठून चालता यावे, इतके ते कमी हवे. म्हणून 'पडल्या पडल्या किती दुखते' यापेक्षा 'खोकताना किती दुखते' हा प्रश्न जास्त उपयोगाचा. 'मी सहन करतो, गोळी नको' म्हणणारा रुग्ण उथळ श्वास घेत पडून राहतो. मग छातीत कफ साचतो, पायांत रक्त मंदावते. त्याच्या सोशिकपणाची किंमत फुप्फुसे मोजतात.

पहिले दोन-तीन दिवस लिहून दिलेली गोळी घड्याळाप्रमाणे द्या, दुखू लागण्याची वाट पाहू नका. चालण्याच्या किंवा व्यायामाच्या वेळेआधी अर्धा-पाऊण तास गोळी पोटात गेलेली असली तर उठणे सोपे जाते. प्रौढांमध्ये पॅरासिटामॉलची एकूण मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी, आणि किती ते डॉक्टरांनी ठरवायचे. इथली नेहमीची चूक म्हणजे दुखण्याची गोळी वेगळी, सर्दी-तापाची वेगळी आणि दोन्हींमध्ये पॅरासिटामॉल. पाकिटावरची घटकांची ओळ वाचून बेरीज करा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातली औषधे मूत्रपिंडाचा त्रास, जठराचा व्रण, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे असताना मनाने देऊ नका. ट्रॅमाडॉल किंवा त्याहून तीव्र औषधासोबत झोपेची गोळी किंवा मद्य दिले तर श्वास मंदावतो.

दुर्बिणीतून पोटाचे ऑपरेशन झाल्यावर खांदा दुखतो तेव्हा घरचे घाबरतात. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरलेला असतो. त्याने श्वासपटल चुरचुरते, आणि श्वासपटलाचा व खांद्याचा मज्जातंतूंचा उगम मानेत एकाच ठिकाणी असल्याने दुखणे खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत, हिंडण्या-फिरण्याने ते जाते. मात्र खांद्याच्या दुखण्याबरोबर धाप, छातीत दडपण किंवा घाम असेल तर ते वायूवर ढकलू नका.

श्वासाचा व्यायाम

भूल, दुखणे आणि झोपून राहणे या तिन्हींमुळे फुप्फुसांचा खालचा भाग मिटतो आणि तिथे कफ साचून न्यूमोनिया होतो. उपाय फुकट आहे. जागे असताना दर तासाला, डोके उंच करून किंवा बसून, नाकाने हळूहळू खोल श्वास घ्यायचा, ३ ते ५ सेकंद रोखायचा, तोंडाने सोडायचा. असे दहा वेळा. मध्ये दोन-तीन श्वासांनंतर थोडे थांबायचे, नाहीतर चक्कर येते. शेवटी दोनदा मुद्दाम खोकायचे. पोटावर किंवा छातीवर टाके असतील तर घट्ट घडी घातलेली उशी जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरायची. त्याने दुखणे कमी होते आणि टाके सुटतील ही भीती जाते.

चेंडू असलेले स्पायरोमीटर दिले असेल तर लक्षात ठेवा: ते फुंकायचे नाही, ओढायचे. बरेच रुग्ण ते फुग्यासारखे फुंकतात आणि चेंडू हलत नाही म्हणून बाजूला ठेवतात. ओठ नळीभोवती घट्ट मिटून सावकाश हवा आत ओढायची आणि चेंडू जमेल तितका वेळ वर धरायचा. झटक्याने तिन्ही चेंडू उडवण्यापेक्षा एकच चेंडू तीन सेकंद वर राहिला तर फायदा जास्त.

उठणे, बसणे, चालणे

मनाई नसेल तर बहुतेक रुग्णांना ऑपरेशनच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी उठवले जाते. 'विश्रांती घेऊ दे बिचाऱ्याला' ही माया इथे उलटते. उठवण्याची पद्धत मात्र नीट हवी. पाठीवरून सरळ उठून बसू दिले तर पोटाच्या टाक्यांवर सगळा ताण येतो.

१. दोन्ही गुडघे दुमडायचे आणि खांदे व कंबर एकत्र ठेवून एका कुशीवर वळायचे.
२. पाय पलंगाखाली सोडताना त्याच वेळी खालच्या कोपराने आणि वरच्या हाताने पलंग रेटत बसायचे.
३. कडेवर एक-दोन मिनिटे बसून राहायचे, घोटे वर-खाली हलवायचे. डोळ्यांसमोर अंधारी आली तर पुन्हा आडवे.
४. पाय जमिनीवर पक्के टेकवून, पुढे झुकून उभे राहायचे. मदत करणाऱ्याने अशक्त बाजूला उभे राहून पाठीमागून कंबरेला आधार द्यायचा. काखेत हात घालून ओढू नका, त्याने रुग्णाचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही दुखावतात.

पहिल्या दिवशी खुर्चीपर्यंत, दुसऱ्या दिवशी खोलीत, मग घरभर, असे वाढवत न्या. दिवसात एकदाच लांब चालण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडे थोडे चालणे चांगले. पडण्याच्या घटना बहुतेक रात्री, संडासला जाताना होतात. रात्री रुग्ण एकटा उठणार नाही, याची व्यवस्था पहिला आठवडा तरी हवीच.

पायातली गुठळी

ऑपरेशननंतर रक्त अधिक सहज गोठते आणि पडून राहिल्याने पोटऱ्यांतला प्रवाह मंदावतो. त्यात तयार झालेली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. हा धोका घरी आल्यावरही काही आठवडे राहतो. खुबा बदलल्यानंतर पाच आठवड्यांपर्यंत आणि पोटातल्या कर्करोगाच्या मोठ्या ऑपरेशननंतर चार आठवड्यांपर्यंत गुठळीविरोधी औषध दिले जाते ते याचसाठी. 'आता चालतो-फिरतो आहे' म्हणून ते मध्येच थांबवू नका.

जागे असताना दर तासाला दोन्ही घोटे १०-२० वेळा वर-खाली करायचे. गुडघ्याखाली उशी ठेवून तासन् तास पडणे टाळायचे, कारण तिथल्या शिरा दाबल्या जातात आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. घट्ट मोजे दिले असतील तर त्यांची वरची कड गुंडाळली जाऊ देऊ नका, तिचा दोरीसारखा फास बसतो. रोज एकदा मोजे काढून टाचा आणि बोटे पाहा.

गुठळीविरोधी औषधाचे तयार सिरिंजमधले इंजेक्शन घरी पोटाच्या त्वचेखाली द्यायचे असेल तर: बेंबीपासून दोन इंच दूर, रोज बाजू बदलून, त्वचेची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका, तो मुद्दाम ठेवलेला असतो. त्याने औषध पूर्ण आत जाते. औषध जाईपर्यंत चिमूट सोडू नका आणि नंतर चोळू नका. चोळल्याने मोठे काळेनिळे डाग पडतात.

एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, गरमपणा दिसला तर त्याच दिवशी तपासणी. मालिश अजिबात नको. अचानक धाप, श्वास घेताना छातीत टोचणे, खोकल्यात रक्त किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर रुग्णवाहिका.

जखम आणि टाके

जखमेची काळजी म्हणजे बहुतांशी तिला हात न लावणे. पहिले ४८ तास ड्रेसिंग उघडायचे नाही. या वेळात त्वचेच्या कडा वरून जुळतात आणि जंतूंना वाट बंद होते. वरून रक्ताने भिजले तर स्वच्छ गॉज ठेवून १० मिनिटे सलग दाब द्या, मध्ये मध्ये उचलून पाहू नका. तरी थांबले नाही तर रुग्णालय.

ड्रेसिंग बदलण्याआधी साबणाने निदान २० सेकंद हात धुवा. जुने ड्रेसिंग काढल्यावर ते पिशवीत टाका, पुन्हा हात धुवा आणि मगच नवे उघडा. हे दुसऱ्यांदा हात धुणे नेहमी राहून जाते. चिकटलेले गॉज ओढू नका, सलाईनने भिजवून सोडवा. नव्या त्वचेवर स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. ते जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही मारतात. पावडर, मलम, घरगुती लेप सांगितल्याशिवाय नकोत. ४८ तासांनंतर डॉक्टरांची परवानगी असेल तर वाहत्या पाण्याने अंघोळ चालते. जखम चोळायची नाही, स्वच्छ कापडाने टिपायची. पाण्यात बुडून राहणे किंवा पोहणे मात्र जखम पूर्ण भरेपर्यंत बंद.

कडेला बारीक गुलाबी रेघ, हलकी सूज, खाज, भोवती बधिरपणा, थोडे पातळ पिवळसर-गुलाबी पाणी, हे चालते. लाली पसरते आहे असे वाटले तर तिच्या कडेने पेनाने रेघ काढा आणि वेळ लिहा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर वाद उरत नाही. पू, दुर्गंधी, वाढते ठणकणे, कडक गरम फुगवटा, कडा उघडणे ही जंतुसंसर्गाची चिन्हे आहेत. रोज त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवा. शब्दांत सांगण्यापेक्षा डॉक्टरांना तो लगेच कळतो.

पोटाच्या मोठ्या जखमेतून पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास एकदम पुष्कळ गुलाबी पाणी आले, खोकताना 'काहीतरी सुटल्यासारखे' झाले, तर वरची त्वचा जुळलेली असली तरी आतला थर उसवलेला असू शकतो. जखम उघडून आतडे बाहेर दिसले तर ते आत ढकलू नका. निर्जंतुक सलाईनने ओले केलेले स्वच्छ कापड त्यावर झाका, रुग्णाला पाठीवर झोपवून गुडघे दुमडून ठेवा, तोंडाने काही देऊ नका आणि रुग्णवाहिका बोलवा.

टाके काढण्याची वेळ जागेवर ठरते. चेहऱ्यावरचे साधारण ५ ते ७ दिवसांनी, डोक्याचे ७ ते १०, पोट आणि हातापायांचे १० ते १४. मधुमेह असलेल्या किंवा स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णात ते आणखी काही दिवस ठेवतात.

ड्रेन आणि लघवीची नळी

दाबून ओढ निर्माण करणारा ड्रेनचा रबरी गोळा अर्धा भरला की रिकामा करायचा. पूर्ण भरू दिला तर ओढ संपते आणि पाणी आतच साचते. हात धुवा, तोंड उघडा, मापाच्या पेल्यात ओता, मग गोळा मुठीत पूर्ण चेपून धरा आणि चेपलेला असतानाच बूच लावा. आधी बूच लावून मग चेपले तर ओढ तयारच होत नाही. २४ तासांचे माप आणि रंग वहीत लिहा. लालवरून गुलाबी आणि मग पिवळसर, असा रंग उतरत गेला पाहिजे. तो उलटा लाल झाला, हिरवट झाला, विष्ठेसारखा वास आला, किंवा चांगला वाहणारा ड्रेन एकाएकी कोरडा पडून भोवती सूज आली, तर लगेच कळवा. गोळा कपड्याला पिनेने अडकवा, लोंबत ठेवला तर उठताना ओढला जातो.

लघवीच्या नळीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता. नळी मांडीला चिकटवून ठेवा. तिच्या मुळाशी रोज साबण-पाण्याने धुवा. पिशवी कोरडी दिसली तर आधी नळी कुठे मुडपली आहे का ते पाहा. लघवीचे किमान प्रमाण तासाला दर किलो वजनामागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटर.

खाणे आणि पोट

आतड्याच्या ऑपरेशननंतर केव्हा आणि काय द्यायचे हे सर्जननेच ठरवायचे. बाकीच्यांना मळमळ नसेल तर पाण्याच्या घोटापासून सुरू करून नेहमीच्या जेवणाकडे लवकर यायला हरकत नसते. दिवसेंदिवस फक्त पातळ पेज-पाण्यावर ठेवणे ही चूक आहे. जखम प्रथिनांनी भरते. रोज दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ७२ ते ९० ग्रॅम (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्या). एका ताटात इतके जात नाही, म्हणून थोडे थोडे पाच-सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी प्रथिनांचा पदार्थ आधी.

बद्धकोष्ठता ही तीव्र वेदनाशामकांची हमखास सोबत आहे. ती झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा वेदनाशामकाबरोबरच मल मऊ करणारे औषध सुरू करण्याबद्दल पहिल्याच दिवशी विचारा. पाण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर, आणि चालणे. मोठे आतडे जागे व्हायला दोन-तीन दिवस लागतात. त्यानंतरही शौच नसेल तर कळवा. पण पोट फुगत चालले आहे, वायू सरत नाही आणि हिरवी उलटी होते, असे असेल तर रेचक देऊ नका. ती आतडे अडल्याची चिन्हे आहेत आणि रेचकाने ताण वाढतो.

मधुमेही रुग्णात ऑपरेशनच्या ताणानेच साखर वाढते आणि वाढलेली साखर जखम भरू देत नाही. नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा आणि ती सतत १८० च्या वर राहिली तर डोस बदलून घ्या. साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. जेवण नीट होत नसताना लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, विचारल्याशिवाय सुरू करू नका. त्यांच्यामुळे साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते.

वयस्कर रुग्ण अचानक बरळू लागला तर

'रात्री आजोबा कोणालाच ओळखेनात, सकाळी पुन्हा ठीक' हे भ्रमाचे ठरलेले रूप. ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत तो येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. त्याचे शांत रूप जास्त फसवे असते: रुग्ण गप्प, सुस्त, खाण्यात लक्ष नाही, आणि घरचे म्हणतात थकवा आहे. याला वेड किंवा हट्ट समजू नका. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, न सांगितलेले दुखणे, कमी सोडियम, कमी ऑक्सिजन किंवा नवे औषध, असे कारण बहुधा सापडते. डॉक्टरांना कळवा आणि तोवर चष्मा व कानाचे यंत्र लावा, समोर घड्याळ ठेवा, दिवसा पडदे उघडा, रात्री आवाज कमी करा, ओळखीचे माणूस जवळ बसवा, थोडक्यात आणि शांतपणे तेच तेच सांगा. हातपाय बांधू नका. मनाने झोपेची गोळी दिली तर भ्रम बहुतेक वेळा वाढतो.

जो रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला दर दोन तासांनी वळवा आणि पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. माकडहाड, टाचा, खुबे रोज पाहा. लाल डाग बोटाने दाबून सोडा. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर वेळ आहे, लालच राहिला तर व्रणाची सुरुवात झाली आहे. गडद त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे गरमपणा, कडकपणा चाचपून पाहा. त्या जागेवर मालिश करू नका आणि मध्ये भोक असलेली गोल उशी वापरू नका, तिच्या कडेने रक्त अडते.

पुढचे आठवडे

टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असे नव्हे. तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळ त्वचेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच असते, आणि तीन महिन्यांनीही ती ८० टक्क्यांच्या पुढे फारशी जात नाही. म्हणून पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही. भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, कडेवरचे मूल हे सगळे त्यात आले. शौचाला कुंथणे आणि खोकला अंगावर काढणे हेही पोटावर वजनाइतकेच ताण देतात.

गाडी चालवायची तर तीव्र वेदनाशामके बंद झालेली हवीत आणि अचानक जोरात ब्रेक दाबताना दुखायला नको. हे थांबलेल्या गाडीत बसून तपासून पाहा. धूम्रपान या काळात पूर्ण बंद, कारण निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला ऑक्सिजन कमी पडतो. थकवा मात्र अपेक्षेपेक्षा लांबतो. मोठ्या ऑपरेशननंतर दोन-तीन महिने दुपारी अंग गळून जाणे नेहमीचे आहे, आणि चिडचिड, रडू येणेही. चालण्याचे अंतर आठवड्यागणिक वाढत असेल तर त्याची काळजी नको. उदासी दोन आठवडे सलग राहिली, भूक आणि झोप गेली, तर तीही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. व्रणाचा रंग स्थिरावायला वर्षभर लागतो, तोवर त्यावर थेट ऊन पडू देऊ नका, नाहीतर तो काळपट होऊन तसाच राहतो.